कणसाच्या पानाखालची रेघ

जेवणाचं टेबल जेवण्यासाठी असतं, एवढी साधी गोष्ट ज्या माणसाला छत्तीस वर्षांच्या संसारात कळली नाही, त्याला भिंगांचं गणित कुठून कळणार, असं कवळीकाकूंचं स्पष्ट मत होतं. हे मत त्यांनी पहिल्या महिन्यात रोज मांडलं, दुसऱ्या महिन्यात दिवसाआड, आणि त्यानंतर नुसतं भांडी आपटून. काकांवर कशाचाच परिणाम झाला नाही. ते टेबलाशी बसून एका नाण्याचा फोटो काढत होते. चार महिने, एकाच नाण्याचा, एकाच बाजूचा.

काकूंना इमारतीत सगळे कवळीकाकू म्हणत, कारण दातांच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं त्यांनी कवळ्या बनवल्या होत्या. डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाचे ठसे यायचे, त्यात प्लास्टर ओतायचं, साचा सोडवायचा, त्यावर दात बसवायचे. काकांना म्हणत मीटरकाका. विजेच्या कंपनीत चौतीस वर्षं दारोदार फिरून त्यांनी मीटरचे आकडे वाचले. दार उघडणारा माणूस आत वळून म्हणायचा, मीटरवाला आलाय. एवढ्या वर्षांत एकाही दारात कुणी त्यांना नावाने हाक मारली नाही. काकांना त्याचं काही वाटत नसे. काकूंना वाटायचं, आणि ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

नाणी गोळा करण्याचा नाद काकांना लग्नाआधीपासूनचा. सोनं नाही, चांदी नाही, राजेरजवाड्यांचं काही नाही. रोजच्या वापरातली, सुट्ट्या पैशांत मिळणारी साधी नाणी, आणि त्यातही चुकलेली. टांकसाळीत नाणं पाडतात तो पोलादी ठसा कधी तडकतो, कधी झिजतो, मग नाण्यावर नसायला हवं ते काहीतरी उमटतं. अशा चुका काका हुडकून काढत. वीस वर्षांपूर्वी सायकल दुरुस्तीवाल्याने परत दिलेल्या सुट्ट्यांमध्ये त्यांना एक लहानसं नाणं मिळालं. एका बाजूला धान्याचं कणीस आणि त्याला दोन पानं. डाव्या पानाखालून नाण्याच्या काठापर्यंत गेलेली एक केसासारखी उंचवट्याची रेघ. ठशाला तडा गेला होता त्याची ती खूण, असं काकांचं म्हणणं. कुठल्याच पुस्तकात तिची नोंद नव्हती.

नाणी जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं आणि ते दर बारा वर्षांनी एक सूची छापायचं. त्यात प्रत्येक नाणं, प्रत्येक चूक, क्रमांकासह. नवी चूक शोधणाऱ्याचं नाव नोंदीखाली छापून यायचं. निर्णय मात्र छायाचित्रावरूनच व्हायचा, प्रत्यक्ष नाणं मंडळ हातात घेत नसे. काकांनी नव्या आवृत्तीसाठी अर्ज केला, सोबत आपल्या जुन्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो जोडला. मंडळाच्या चिटणीसांचं उत्तर आलं ते तीन ओळींचं. छायाचित्रातली रेघ ठशाच्या तड्याची न वाटता नाण्यावर नंतर पडलेल्या ओरखड्यासारखी वाटते. तडा असेल तर रेघ उंच हवी, ही खोल दिसते. पाच महिन्यांच्या आत अधिक चांगलं छायाचित्र आल्यास फेरविचार करू.

वीस वर्षं हे नाणं बोटांत तिरपं धरून बघणाऱ्या माणसाच्या रेघेला कुणी ओरखडा म्हणावं. काकांनी ते पत्र फ्रिजवर चिकटवलं आणि जाहीर केलं की फोटो लहान पडला. मोठा करून दाखवला की चिटणीसांचे डोळे उघडतील. इथून जी चूक सुरू झाली ती चार महिने थांबली नाही.

पहिली मदत जावयांनी केली, आणि जावयांची मदत म्हटल्यावर काकूंनी तेव्हाच कपाळाला हात लावला होता. त्यांनी एक यूएसबी मायक्रोस्कोप पाठवला. खोक्यावर लिहिलं होतं हजारपट. वायर कॉम्प्युटरला लावली आणि पडद्यावर जे उगवलं ते नाणं होतं यावर विश्वास ठेवायला मन मोठं हवं होतं. नांगरलेलं शेत म्हणा, वाळलेली चिकणमाती म्हणा. काका मात्र खूश होते. पडद्यावर बोट ठेवून त्यांनी रेघ दाखवली. ती रेघ हातभर रुंद होती आणि धुरकट होती, कारण इतक्या जवळून बघितलं की एका वेळी कागदाच्या जाडीएवढंच काय ते स्पष्ट दिसतं, वरचं आणि खालचं सगळं धूसर. काकांनी तो फोटो पाठवला. चिटणीसांनी विचारलं, हे कोणत्या नाण्याचं चित्र आहे. पूर्ण नाणं दिसत नसेल तर आम्ही काय ओळखायचं.

मग कॅमेऱ्याचं दुकान. दुकानदार भला माणूस होता, पण समोरचा ऐकत असेल तरच भलेपणाचा उपयोग. त्याने सांगितलं, काका, तुमचं नाणं जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढं, ते पूर्ण हवं असेल तर एकास एक पुरे. म्हणजे नाणं जेवढं आहे तेवढंच कॅमेऱ्याच्या आतल्या पट्टीवर उतरतं, पुढे छापताना हवं तेवढं वाढवा. काकांना हा अपमान वाटला. एकास एक म्हणजे मोठं करणारच नाही, मग भिंग कशाला घ्यायचं. हजारावरून एकावर आलेल्या माणसाचं दुःख दुकानदाराला समजलं नाही. शेवटी काकांनी त्याचं अर्धं ऐकलं. अगदी जवळचं टिपणारी मॅक्रो लेन्स घेतली, पण आखूड घेतली, कारण ती हलकी होती आणि दिसायला त्यांच्या जुन्या कॅमेऱ्याला शोभत होती.

आखूड लेन्सची खोड अशी की ती नाण्याच्या अगदी उरावर आणून ठेवावी लागते. मधे जेमतेम चार बोटं जागा. तिथे उजेड कुठून जाणार. लेन्सचीच काळी सावली नाण्यावर पडायची आणि कणसाला ग्रहण लागायचं. काकांनी विजेरी धरून बघितली, दिव्याची मान मोडेपर्यंत वाकवून बघितली. तीन आठवड्यांनी ते दुकानात गेले आणि लेन्स बदलून लांब नळीची घेऊन आले, जी दुकानदाराने पहिल्या दिवशीच काढून दाखवली होती. ही नाण्यापासून वीतभर वर राहायची. आता दिव्याला जागा झाली. दुकानदार काही बोलला नाही म्हणे. काकूंनी त्याची उणीव घरी भरून काढली.

उभा स्टँड आला. त्याला कॅमेरा उलटा टांगला, खाली बघणारा. कॅमेरा नाण्याला अगदी समांतर हवा, नाहीतर कणसाचं टोक स्पष्ट आणि देठ पुसट, म्हणून नाण्याच्या जागी आरसा ठेवून कॅमेऱ्यातून बघायचं. लेन्सला आरशात स्वतःचं बुबुळ बरोबर मध्यभागी दिसलं की झालं. यात काकूंचा पर्समधला आरसा गेला. मग गोल दिवा आला, लेन्सभोवती कंकणासारखा बसणारा. त्याने चहूबाजूंनी सारखा उजेड पडला, सावली म्हणून उरली नाही, आणि नाण्यावरचं सगळं उठावकाम इस्त्री फिरवल्यासारखं सपाट झालं. रेघ तर नाहीशीच झाली. काकांनी तो दिवा काढून टाकला आणि पुन्हा आपला जुना टेबललॅम्प टेबलाच्या काठाला आवळला. बसायची खुर्ची आणि विजेचं बटण एकाच बाजूला असल्यामुळे दिवा कायम त्यांच्या पोटाशी असायचा. समोरच्या खिडकीचा पडदा त्यांनी बंद करून टाकला, परका उजेड नको म्हणून. भर दिवसा घरात संध्याकाळ.

त्यात आणखी हादरे. जेवणाच्या खोलीच्या भिंतीला लागून लिफ्ट होती. ती सुटली की फोटो हलायचा. वरच्या मजल्यावरचं कपडे धुण्याचं मशीन पिळायला लागलं की हलायचा. फोटो काढताना काकूंनी स्वयंपाकघरातून बाहेर यायचं नाही, मिक्सर लावायचा नाही, जमलं तर उभं राहायचं नाही. एकदा काकूंना जोराची शिंक आली आणि काकांनी मान वळवून असं बघितलं की जणू त्या टांकसाळीवर दरोडा घालायला निघाल्या होत्या. जेवण सोफ्यावर, ताट मांडीवर. लेक भेटायला आली तर तिला चहा उभ्याने प्यावा लागला. काकूंनी मग मनाशी एक ठरवून टाकलं. काकांचे फोटो बघायचेच नाहीत. काका मधून मधून कॅमेऱ्याचा पडदा पुढे करत, जरा बघ, कसा वाटतो. काकू म्हणत, मला त्यातलं काय कळतं. त्यांना कळत नव्हतं असं नाही. त्या रुसल्या होत्या.

मुदतीला अकरा दिवस उरले असताना काका बाजारातून एक मोठा छापील फोटो घेऊन आले. वहीच्या पानाएवढा. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान ओसंडत होतं. चार महिन्यांत इतका धारदार फोटो निघाला नव्हता. कणसाचा दाणा न दाणा मोजून घ्यावा. त्यांनी तो काकूंच्या हातात दिला, म्हणजे जवळजवळ कोंबलाच, कारण त्यांना कुणाला तरी दाखवायचा होता आणि घरात दुसरं कुणी नव्हतं.

काकूंनी बघितला आणि त्या विचारात पडल्या.

"हा नाण्याचा आहे की साच्याचा?" त्यांनी विचारलं.

काकांना प्रश्न समजला नाही. काकूंनी त्यांना सांगितलं की या फोटोत कणीस खड्ड्यात गेलंय. दाणे पोकळ दिसतायत, दात काढून घेतल्यावर ठशात भोकं राहतात तशी. पानं खोदलेली. आणि ती तुमची रेघ चर आहे चर, कुणीतरी खिळ्याने ओढल्यासारखी. मग त्यांनी फोटो उलटा धरला, वरची बाजू खाली. कणीस टचकन वर आलं, दाणे फुगले, रेघ धाग्यासारखी उभी राहिली. पुन्हा सुलटा केला, पुन्हा खड्डा. एकतीस वर्षं उंच काय आणि खोल काय हे ओळखण्यावर त्यांनी पगार घेतला होता. साच्याच्या फोटोवर उजेड खालून आला की नवशिकी मुलगी हमखास फसायची. आपण बघणारे उजेड वरून येतो असंच धरून चालतो. खालून आला की फुगीर ते पोकळ दिसतं.

काकांनी फोटो घेतला, सुलटा धरला, उलटा धरला. त्यांना दोन्ही वेळा कणीस उंचच दिसत होतं.

"मला तर बरोबर दिसतंय," ते म्हणाले.

इथे काकूंचा तोल गेला. चार महिन्यांचं टेबल, आरसा, पडदा, शिंक, सगळं एकदम वर आलं.

"तुम्हाला दिसतंय, कारण तुम्हाला ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "तुम्ही वीस वर्षं ते नाणं हातात घेऊन बसलात. त्या चिटणीसाने नाणं बघितलंय का? त्याच्याकडे फक्त हा कागद आहे. तुमच्या पोटाशी दिवा, त्याला खड्डा दिसणार नाहीतर काय दिसणार? हजारपट करा नाहीतर लाखपट करा, खड्डाच मोठा होईल."

काका फोटो घेऊन आतल्या खोलीत गेले. काकूंना वाटलं होतं की जिंकल्यावर बरं वाटेल. तसं झालं नाही. पहिल्याच आठवड्यात काका कॅमेरा पुढे करून जरा बघ म्हणाले होते, आणि तेव्हा नुसती मान वळवली असती तर हे दोन मिनिटांचं काम होतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. राग दुसऱ्यावर काढायला सोपा जातो. स्वतःवरचा घेऊन त्या ओट्याशी उभ्या राहिल्या आणि घासलेलं पातेलं पुन्हा घासायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंना विचारूनच काकांनी टेबललॅम्प काढला. पडदा काकूंनी सरकवला. खिडकी टेबलाच्या पलीकडच्या अंगाला, म्हणजे कणसाच्या टोकाच्या बाजूला होती, त्यामुळे उजेड आपोआप वरून उतरला. काकूंनी अलीकडच्या बाजूला एक पांढरा कागद उभा धरला, सावल्या फार काळ्या होऊ नयेत म्हणून. प्रयोगशाळेत त्या असंच करायच्या. जुना कॅमेरा, लांब लेन्स, एकास एक. लिफ्ट वर गेली, थांबली. काकांनी बटण दाबलं. कागद धरलेला हात अवघडायच्या आत काम झालं. फोटोत कणीस असं उभं होतं की बोट लावून बघावंसं वाटावं, आणि डाव्या पानाखालून ती रेघ काठापर्यंत गेली होती, उंच आणि अखंड. तो फोटो काकांनी त्याच दुपारी मंडळाच्या कार्यालयात स्वतः नेऊन दिला. टेबल दोन तासांत मोकळं झालं. काकूंनी त्यावर ताटं मांडली तेव्हा दोघांनाही जरा चुकल्यासारखं झालं.

महिन्याभराने चिटणीसांचं पाकीट आलं. जाड होतं. काकांचा चष्मा सापडेना म्हणून काकूंनीच वाचलं, मोठ्याने, आणि मधेच त्यांचा आवाज बारीक झाला. चिटणीसांनी लिहिलं होतं की रेघ ठशाच्या तड्याचीच आहे हे समितीला मान्य आहे, नव्या आवृत्तीत तिला स्वतंत्र क्रमांक दिला आहे. मात्र याच रेघेचं दुसरं नाणं एका निवृत्त परिचारिकेने कळवलं होतं आणि त्याचं स्पष्ट छायाचित्र आपल्या छायाचित्राच्या सात आठवडे आधी मिळालं. नियमानुसार पहिला ग्राह्य पुरावा ज्याचा त्याचं नाव छापलं जाईल. आपल्या नाण्याचा उल्लेख दुसरा नमुना म्हणून राहील. तुलनेसाठी त्यांचं छायाचित्र सोबत जोडत आहोत.

जोडलेला फोटो मोबाइलने काढलेला होता. खिडकीच्या कट्ट्यावर नाणं ठेवून वरून टिपलेला. कोपऱ्यात झाडाच्या कुंडीचा तुकडाही आला होता. लेन्स नाही, स्टँड नाही, काही नाही. पण उजेड बरोबर वरून आला होता आणि रेघ उंच दिसत होती.

काकूंचं डोकं फिरलं. त्या म्हणाल्या, हे चालणार नाही. पहिला अर्ज तुमचा, पहिलं पत्र तुमचं, त्या बाईंचा फोटो आला तेव्हा समितीने तुमचं जुनं पत्र काढून बघायला नको का. उद्याच जायचं मंडळात. त्या चिटणीसाला समोर बसवून विचारायचं, ओरखडा म्हणालात तो कुठे गेला. बोलता बोलता त्यांनी चपला शोधायलाही सुरुवात केली. ज्या माणसावर चार महिने आगपाखड केली त्याच्यासाठी त्या आता साऱ्या मंडळाशी भांडायला निघाल्या होत्या.

काका मात्र ऐकत नव्हते. चष्मा त्यांना डोक्यावरच सापडला होता. त्यांनी दोन्ही फोटो टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते आणि एकदा या रेघेवर, एकदा त्या रेघेवर बोट फिरवत होते. त्याच पानाखालून निघालेली, तेवढीच वाकडी, काठाशी तेवढीच बारीक झालेली.

"दोन नाण्यांवर तोच ओरखडा पडत नाही," ते म्हणाले. "म्हणजे तडा ठशातच होता. आता कुणी काही म्हणू शकत नाही."

"अहो, पण नाव तिचं आलं."

"रेघ आली ना."

त्यांचा चेहरा इतका निवांत होता की काकूंना तो सहन होईना. त्या खुर्चीत बसल्या. डोळ्यांत पाणी आलं, आणि आलं म्हणून आणखी चीड आली. काका घाबरून उठले, काय होतंय विचारू लागले, पाणी आणायला निघाले आणि पेला न घेताच परत आले.

"मला तुमचं नाव बघायचं होतं," काकू म्हणाल्या. "छापलेलं. पुस्तकात. दुसरं काही नको होतं मला."

काका उभेच राहिले. हे त्यांना खरोखरच नवीन होतं. त्यांनी काकूंकडे बघितलं, मग त्या बाईंच्या फोटोकडे, कुंडीच्या तुकड्याकडे, आणि अगदी मनापासून हळहळत म्हणाले,

"मग आधी सांगायचं नाही का. मी मोबाइलनेच काढला असता."